दोन अल्बिनो, पिल्लं मात्र साधी

लेपर्ड गेको या पालीची एक जोडी. नर अल्बिनो, मादी अल्बिनो. दोघांच्याही अंगावर काळा ठिपका औषधालाही नाही. मग पिल्लं अल्बिनोच होणार, यात विचार करण्यासारखं काय आहे? पण अंडी फुटतात आणि बाहेर येतात ती चक्क काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, रानातल्या लेपर्ड गेकोसारखी पिल्लं. नव्या पाळणाऱ्याला वाटतं, मादीचं आधीच दुसऱ्या कुणाशी जमलं असणार. संशय अगदीच खुळा नाही, कारण या पालीची मादी नराचे शुक्राणू काही काळ शरीरात साठवून ठेवू शकते. तरीही अशा बहुतेक प्रकरणांत मादी निर्दोष असते आणि हिशोब चुकलेला असतो तो आपला.

लेपर्ड गेको ही अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातली पाल. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. घरातल्या पालीसारखी ती भिंतीवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना चिकट गाद्या नसतात. उलट तिला हलणाऱ्या पापण्या असतात, आणि त्या मिटून ती झोपते. रानातल्या प्रौढ पालीचा रंग पिवळसर, त्यावर काळे ठिपके. पाळीव पैदाशीत मात्र रंगांचे आणि नक्षीचे इतके प्रकार निघाले की पाळणाऱ्यांनी त्यांना स्वतंत्र नावं दिली. या प्रकारांना ते ‘मॉर्फ’ म्हणतात.

अल्बिनो हा त्यांतलाच एक मॉर्फ. खरं तर एक नव्हे, तीन. ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर अशी त्यांची नावं. तिन्हींत काळ्याच्या जागी फिकट तपकिरी किंवा गुलाबीसर छटा दिसते, आणि नवख्या माणसाला त्यांतला फरक चटकन कळत नाही. पण बिघाडाची जागा तिन्हींत वेगळी आहे. काळं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, नीट तयार व्हायला अनेक जनुकं धड असावी लागतात. त्यांतलं कुठलंही एक बिघडलं तरी शेवटी दिसतो तो फिकटपणाच.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. लेपर्ड गेकोच्या पेशीत ३८ गुणसूत्रं, म्हणजे १९ जोड्या, आणि या प्रती त्या जोड्यांवर बसलेल्या. अल्बिनोपणा अप्रभावी आहे, म्हणजे एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम सांभाळून नेते. रंग जातो तो दोन्ही प्रती बिघडल्यावरच. आता बाप ट्रेम्पर आणि आई बेल असेल तर काय होतं ते बघा. ट्रेम्परच्या जागी बापाची प्रत बिघडलेली, पण आईची धडधाकट. बेलच्या जागी नेमकं उलटं. दोन्ही ठिकाणी एकेक चांगली प्रत मिळाली, म्हणून पिल्लू साधं दिसतं. आईबापांनी एकमेकांची उणीव भरून काढली, इतकंच.

खरा घोळ पुढच्या पिढीत होतो. ही साधी दिसणारी भावंडं एकमेकांशी जुळवली आणि दोन्ही जनुकं स्वतंत्रपणे वाटली गेली, तर सोळांत सरासरी नऊ पिल्लं साधी, तीन ट्रेम्पर, तीन बेल आणि एक दोन्ही. वरवर अल्बिनो दिसणाऱ्या सातांपैकी कोण कुठल्या वंशाचं, हे नजरेने सांगणं कठीण. आणि ट्रेम्पर म्हणून हातात आलेल्या पालीत बेलची एक प्रत लपलेली असू शकते. जाणते ब्रीडर हे तीन वंश एकमेकांत मिसळत नाहीत ते याच कारणाने. यात शुद्ध रक्ताचा वगैरे अभिमान नाही. पुढचा हिशोबच अशक्य होऊन बसतो.

एक प्रत लपवून फिरणाऱ्या प्राण्याला शाळेच्या पुस्तकात विषमयुग्मी म्हणतात, गेकोवाले त्याला सरळ ‘हेट’ म्हणतात. ‘१०० टक्के हेट’, ‘६६ टक्के हेट’ अशा पाट्या वाचून गोंधळणारे बरेच असतात. एखाद्या पालीत ६६ टक्के हेटपणा भरलेला असतो असं नाही. ती एकतर हेट आहे किंवा नाही. टक्केवारी आपल्या अज्ञानाची आहे. दोन हेट पाली जुळवल्या तर चारांत सरासरी एक अल्बिनो, दोन हेट आणि एक पूर्ण साधी. अल्बिनो दिसतेच, ती बाजूला काढा. उरलेल्या तीन दिसायला सारख्या, आणि त्यांतल्या दोन हेट. तीनांत दोन, म्हणजे ६६ टक्के.

मग खात्री कशी करायची? संशयित पाल अल्बिनोशी जुळवायची, अर्थातच त्याच वंशाच्या. ती हेट असेल तर प्रत्येक अंड्यातून अल्बिनो निघण्याची शक्यता निम्मी. एक जरी अल्बिनो पिल्लू निघालं तरी निकाल लागला. पण सलग सहा पिल्लं साधी निघाली तर? हेट असूनही असं होण्याची शक्यता ६४ मध्ये १. आधीच्या ६६ टक्क्यांशी तिचा मेळ घातला तर ती पाल हेट असण्याची शक्यता सुमारे ३ टक्क्यांवर येते. शून्यावर ती कधीच येत नाही. अल्बिनो निघालं तर ‘हो’ ठाम सांगता येतं, ‘नाही’ मात्र कितीही अंड्यांनंतर थोडं कच्चंच राहतं.

चारांत एक, हा आकडाही लोक फार शब्दशः घेतात. मादी एका वेळी साधारण दोनच अंडी घालते, हंगामात असे काही घाणे होतात. दोन हेट पालींच्या जोडीने आठ अंडी दिली आणि आठही पिल्लं साधी निघाली, तर फसवणूक झाली म्हणून ओरडू नये. दहांतल्या एका जोडीच्या वाट्याला हे निव्वळ योगायोगाने येतं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला वाटाण्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणून त्याचं गुणोत्तर तीनास एकच्या इतकं जवळ आलं. आठ अंड्यांना ती चैन परवडत नाही. आधीच्या अंड्यातून काय निघालं हे पुढच्या अंड्याला ठाऊक नसतं.

सगळेच मॉर्फ असे लपून बसत नाहीत. मॅक स्नोची एकच प्रत मिळाली तरी पिवळेपणा उतरतो, आणि दोन मिळाल्या तर ‘सुपर स्नो’ होते: पांढरं अंग, काळे ठिपके आणि पूर्ण काळेभोर डोळे. एक प्रत, दोन प्रती आणि शून्य प्रती अशी तिन्ही रूपं वेगळी दिसतात, त्यामुळे इथे हेटची भानगडच नाही. हिशोब पालीच्या अंगावरच लिहिलेला असतो. पाळणारे याला सहप्रभावी म्हणत आले आहेत. पुस्तकाप्रमाणे ते अपूर्ण प्रभावित्व आहे, पण या चुकीने कुणाचं अंडं बिघडल्याचं ऐकिवात नाही. टँजरीनची गोष्ट आणखी निराळी. तो गडद नारिंगी रंग अनेक जनुकांनी थोडा थोडा घडवलेला असतो, म्हणून तिथे पुनेटची चौकट, म्हणजे आईबापांच्या प्रती मांडून पिल्लांचं प्रमाण काढायचा तक्ता, मांडून उपयोग नाही. दर पिढीतली सर्वांत रंगदार पिल्लं निवडत राहायची, एवढाच मार्ग. ‘टँजरीनला हेट’ अशी पाटी दिसली तर खुशाल हसावं.

नर की मादी, हा प्रश्न तर जनुकांच्या हातातच नाही. लेपर्ड गेकोला लिंग ठरवणारी गुणसूत्रं नसतात. ते ठरतं अंडी उबवण्याच्या तापमानावर. २६ अंश सेल्सिअसला जवळजवळ सगळ्या माद्या, ३२.५ च्या आसपास बहुतेक नर, आणि ३४ च्या पुढे पुन्हा बहुतेक माद्या. याचा एक परिणाम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मांजरांत काळा-नारिंगी चितकबरा रंग जवळजवळ फक्त माद्यांत दिसतो, कारण त्याचं जनुक लिंग-गुणसूत्रावर असतं. गेकोमध्ये तसं गुणसूत्रच नाही, म्हणून लिंगाशी बांधलेला मॉर्फही नाही. तापमानाचा हात रंगालाही लागतो. उबदार अंड्यांतली पिल्लं साधारणपणे जास्त उजळ निघतात. म्हणून दोन वेगळ्या तापमानांत उबवलेल्या भावंडांची तुलना करून जनुकांबद्दल निष्कर्ष काढणं म्हणजे पायावर धोंडा मारून घेणं.

इथपर्यंत प्रश्न होता दिसण्याचा. काही मॉर्फ पालीच्या जिवावर उठतात. एनिग्मा प्रभावी आहे, एक प्रत पुरते. या मॉर्फच्या अनेक पालींचा तोल जातो, मान वाकडी होते, त्या जागच्या जागी गोल फिरतात, भक्ष्यावर झेप घेतात ती चुकते. पण प्रभावी असल्यामुळे एनिग्मा साध्या रूपाआड लपून पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत नाही. ज्यांच्यात तो दिसतो त्यांची पैदास थांबवली की वंश तिथेच संपतो. अप्रभावी दोष असा सहजासहजी उपटता येत नाही.

लेमन फ्रॉस्टचं प्रकरण सर्वांत बोलकं आहे. मिस्टर फ्रॉस्टी नावाच्या एका नरापासून हा मॉर्फ पसरला. अंगाचा पाया पांढरा, त्यावर पिवळा रंग झळाळून उठलेला. लोक भाळले यात नवल नाही. पुढे या पालींच्या कातडीवर पांढऱ्या गाठी येऊ लागल्या. त्या ट्यूमर होत्या, आणि ८० टक्क्यांहून जास्त लेमन फ्रॉस्ट पालींना त्या होतात. दोन प्रती मिळालेल्या ‘सुपर’ पालींची कातडी तर जाड होते. वेगळ्या वंशांशी जोड्या लावून रंग ठेवता येईल आणि गाठी गाळता येतील, अशी आशा होती. रंगाचं जनुक एक आणि गाठींचं दुसरं असतं तर ते जमलंही असतं. ट्रेम्पर आणि बेल नाही का वेगळे करता येत?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी २०२१ साली ‘प्लॉस जेनेटिक्स’ या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. रंग आणि गाठी या दोन्हींचा माग एकाच जागी पोहोचला, आणि त्या जागेवरचं संशयित जनुक निघालं स्पिंट-१, जे माणसांतही ट्यूमर रोखण्याशी जोडलं गेलेलं आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातडीत इरिडोफोर नावाच्या पेशी असतात. त्यांच्यातले स्फटिक प्रकाश परतवतात, म्हणून त्या पांढऱ्या दिसतात. लेमन फ्रॉस्टमध्ये याच पेशी बेसुमार वाढतात. थोड्या वाढल्या की अंग झळाळतं, वाढतच राहिल्या की गाठ होते. पांढरेपणा ज्या पेशींचा, गाठही त्यांचीच.