पॉझिटिव्ह असणं आणि संसर्ग पसरवणं

2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी एकच प्रश्न होता, "सीटी किती आला?" (छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर वेगळा, दोन्हींची गल्लत तेव्हा सर्रास व्हायची.) 18 आला की धाबं दणाणायचं, 32 आला की माणसं निर्धास्त व्हायची. ती निर्धास्ती मला आजही धोक्याची वाटते.

आरटी-पीसीआर या स्वॅबच्या चाचणीत विषाणूच्या आरएनएवरून (म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्यावरून) केलेल्या प्रती दर आवर्तनाला साधारण दुप्पट होतात. कितव्या आवर्तनाला त्या यंत्राला दिसल्या, तो आकडा म्हणजे सीटी. आकडा लहान, तर नमुन्यात आरएनए जास्त. 10 आवर्तनांचा फरक म्हणजे सुमारे 1000 पट.

पण आरएनए म्हणजे जिवंत विषाणू नव्हे. लग्न उरकून वऱ्हाड गेलं तरी मांडवात अक्षता सापडतात, तसे हे तुकडे कित्येक आठवडे सापडू शकतात. 2020 मध्ये म्युनिकच्या 9 रुग्णांच्या अभ्यासात आठव्या दिवसानंतर घशातून भरपूर आरएनए मिळाला, पण पेशींमध्ये वाढणारा विषाणू मिळाला नाही. तो वाढवून पाहणं हाच थेट पुरावा. पण त्याला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारखी (एनआयव्ही) कडेकोट प्रयोगशाळा आणि काही दिवस लागतात.

शिवाय 32 हा आकडा पहिल्या दिवशीचा असेल तर विषाणू वाढत असू शकतो, बाराव्या दिवशीचा असेल तर बहुधा ओसरतोय. स्वॅब नीट घेतला नसेल तरीही आकडा मोठा येतो. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्राने पॉझिटिव्ह ठरवण्याची सीटीची मर्यादा 24 वर आणण्याबद्दल विचारलं, तेव्हा आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) नकार दिला: संसर्ग पसरवू शकणारे अनेक रुग्ण निसटतील. मला तो नकार योग्यच वाटतो.

रॅपिड अँटिजेन चाचणी विषाणूचं प्रथिन शोधते, प्रती वाढवत नाही. त्यामुळे विषाणू भरपूर असेल तेव्हाच ती सहसा पॉझिटिव्ह येते, आणि साधारण तेच दिवस संसर्ग पसरण्याचे असतात. म्हणून निदानाला पीसीआर सरस, पण "आज आजीला भेटू का?" या प्रश्नाला अँटिजेन जवळचं. मात्र सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत ती चुकते. एका निगेटिव्हवर आजीच्या खोलीत जाऊ नये, दोन दिवसांनी पुन्हा तपासावं.

जानेवारी 2022 च्या केंद्राच्या नियमांत सौम्य रुग्णांचं गृहविलगीकरण संपवायला पुन्हा चाचणीची अटच नव्हती. पॉझिटिव्ह आल्यापासून किमान 7 दिवस, आणि सलग 3 दिवस ताप नाही, एवढंच पाहायचं होतं.