पोकळ नाणं आणि डोक्यातली किल्ली

२२ जून १९५३. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वर्गणी गोळा करणाऱ्या पेपरवाल्या मुलाच्या हातून पाच सेंटचं एक नाणं जमिनीवर पडलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. आत इवलंसं छायाचित्र होतं. त्यावर आकड्यांच्या दहा उभ्या रांगा, पाच-पाच आकड्यांचे २०७ गट. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने चार वर्षं खटपट केली, पण उलगडा झाला नाही.

निरोप होता रेइनो हायहानेन या सोव्हिएत हेरासाठी. ऑक्टोबर १९५२ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला तो दुसऱ्याच माणसाचं नाव घेऊन. तो माणूस अमेरिकेत जन्मलेला, पण लहानपणीच कुटुंबासोबत एस्टोनियाला गेलेला. जन्माची नोंद खरी, माणूस तोतया.

तोतयाच्या घरात संकेतांची वही किंवा यंत्र सापडलं तर सगळंच संपलं. म्हणून निरोप आकड्यांत लपवायची आणि पुन्हा उलगडायची किल्ली डोक्यातच ठेवायची. हायहानेनने चार गोष्टी पाठ केल्या होत्या: ‘हिमवर्षाव’ या अर्थाचा रशियन शब्द, एका गाण्याचा तुकडा, जपानवरच्या विजयाची तारीख आणि १३ हा आकडा.

एवढ्याशा पाठांतरातून लांबलचक किल्ली निघते कशी? शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज करायची, हातचा सोडून द्यायचा आणि उरलेला आकडा शेवटी जोडायचा. ४, ७, ८, ६ घ्या. ४ अधिक ७ म्हणजे ११, त्यातला १ ठेवला. पुढे ५, मग ४. आता ६ आणि नवा १ मिळून ७. साखळी हवी तेवढी वाढते आणि तिच्यात सहज दिसेल असा क्रम राहत नाही. अक्षरांचे आकडे करतानाही अशीच हुशारी: वारंवार येणाऱ्या अक्षरांना एक आकडा, बाकीच्यांना दोन. त्यामुळे एक अक्षर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे परक्याला कळत नाही. शेवटी किल्लीनुसार सगळ्या आकड्यांच्या जागा दोनदा उलटसुलट करायच्या. लागतो फक्त कागद आणि पेन्सिल. काम झालं की कागद जाळायचा. मला या पद्धतीचं खरंच कौतुक वाटतं.

एकदाच वापरायच्या आकड्यांची वही तत्त्वतः याहून भक्कम. ती नीट वापरली तर फुटूच शकत नाही, हे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी गणिताने सिद्ध केलं. पण वही लपवावी लागते आणि पान पुन्हा वापरता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत बाजूने काही पानं दोनदा छापली. तेवढ्यावरून अमेरिकनांनी पुढे कित्येक निरोप वाचले.

नाण्यातला निरोप मात्र गणिताने फुटला नाही. मे १९५७ मध्ये मॉस्कोला परत बोलावलेला हायहानेन वाटेत पॅरिसच्या अमेरिकी वकिलातीत शिरला आणि त्याने स्वतःच किल्ली सांगितली. निरोपात सुखरूप पोहोचल्याबद्दल अभिनंदन होतं, कामाच्या काही सूचना होत्या, आणि पाकीट पत्नीच्या हाती दिलं आहे, घरी सगळं ठीक आहे, असंही कळवलं होतं.