वॅटमीटरचा पासंग

गेल्या मे महिन्यात दादरहून मुलुंडला घरी परतताना माझी इलेक्ट्रिक सायकल घाटकोपरच्या अलीकडेच गप्प झाली. हँडलवरचं मीटर सांगत होतं, ८.५ अँपिअर-तास खर्च झाले. बॅटरी १० ची. म्हणजे दीड शिल्लक हवेत! उरलेला रस्ता नुसतं पॅडल मारत आणि बॅटरीवाल्याला शिव्या घालत काढला.

हे मीटर करंट थेट मोजतच नाही. बॅटरीच्या वायरीत 'शंट' नावाचा धातूचा जाडसर तुकडा बसवलेला असतो, त्याचा रोध ठरलेला. माझ्याकडे १.५० मिलिओहम. त्यातून २० अँपिअर गेले तर दोन टोकांमध्ये जेमतेम ३० मिलिव्होल्टचा फरक पडतो. मीटर तो फरक वाचतं, रोधाने भागून अँपिअर काढतं आणि व्होल्टेजने गुणून वॅट. रोधाचा आकडा चुकला की पुढचं सगळंच चुकलं. शंट तांब्याचा का नाही? तापला की तांब्याचा रोध अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो; मुंबईच्या उन्हात असं मीटर दुपारी एक सांगेल, रात्री दुसरंच. म्हणून १८९२ मध्ये एडवर्ड वेस्टनने शोधलेला मँगनिन हा मिश्रधातू वापरतात. तांबं, मँगनीज आणि थोडं निकेल. तापमान बदललं तरी याचा रोध जवळपास तसाच राहतो.

मग चूक कुठली? माझीच. लॅमिंग्टन रोडवरून जाड वायर आणून मी ती शंटला डाग देऊन जोडली होती. कथील शंटवर पसरलं, रोध कमी झाला, आणि मीटर मात्र जुन्याच आकड्याने भागत बसलं.

तपासायला १२ व्होल्ट, ५५ वॅटचे गाडीचे तीन बल्ब एकामागोमाग जोडून ३६ व्होल्टच्या बॅटरीला लावले, मध्ये मल्टीमीटर. (बल्ब भयंकर तापतात, फरशीवर ठेवा.) मोटर यासाठी नको, तिचा करंट सतत नाचतो. त्याआधी पासंग काढायचा: वायर सुटी असताना मीटरवर शून्यच हवा. माझं ०.०८ दाखवत होतं. क्षुल्लक वाटतं, पण मीटर चोवीस तास चालू राहिलं तर जवळपास २ अँपिअर-तास नुसते कागदावर खर्च!

शून्य लावल्यावर बल्ब पेटवले. मल्टीमीटर ४.८, मीटर ४.१. आता रोधाचा आकडा वाढवायचा की कमी करायचा, इथे मीही गडबडलो. भागाकार मोठा हवा तर भाजक लहान: १.५० गुणिले ४.१ भागिले ४.८, म्हणजे १.२८. तो भरला आणि दोन्ही आकडे जुळले. अर्थात मल्टीमीटर काही हरिश्चंद्र नव्हे, दीड-दोन टक्के तोही इकडे-तिकडे जातो.

मग त्या संध्याकाळचा हिशेब पुन्हा मांडला. ८.५ ला ४.८ ने गुणून ४.१ ने भागलं: ९.९५. बॅटरीवाल्याला अजून फोन केलेला नाही.