एक अंड काढलं की बोकड अर्धा खच्ची?

"करडाचं एक अंड काढलं की बोकड निम्मा खच्ची." मराठवाड्यात शेळ्यांच्या बाजारात हे नेहमी ऐकू येतं. हिशोब सरळ वाटतो, पण शरीर असं वाटणीवर चालत नाही.

मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक सोडते. अंडातून निघणारं इन्हिबिन तिला आवर घालतं. एक अंड गेलं की इन्हिबिन घटतं, एफएसएच वाढतं आणि उरलेलं अंड जास्त मोठं होऊ लागतं. कोवळ्या वयात हे ठळक दिसतं, कारण शुक्रजंतूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशी तेव्हाच वाढत असतात. टेस्टोस्टेरॉन हे नरपणाचं संप्रेरकही साधारण नेहमीइतकंच राहतं.

पडताळा गोठ्यातच घ्या. असा उस्मानाबादी बोकड असेल, तर उरलेलं अंड त्याच वयाच्या धडधाकट बोकडाच्या एका अंडाशी ताडून बघा. वयात आला की त्याला तोच उग्र दर्प सुटतो, स्वतःच्या मुतानं दाढी भिजवतो, माजावरच्या शेळीमागे ओठ वर करून फिरतो. 'अर्धा खच्ची' म्हणून पाटींत सोडलात, तर त्या गाभण राहू शकतात.

आणि हो, उजव्या अंडातून बोकड, डाव्यातून पाट हेही खरं नाही. दोन्ही तऱ्हेचे शुक्रजंतू प्रत्येक अंडात तयार होतात.