छोट्या अणुवीज प्रकल्पाची जागा कशी ठरते: अर्ज कोण करतं, कागद कुठले, आणि आपला सातबारा त्यात कुठे येतो

सगळ्यात आधी हे सांगतो, कारण लोक नेमके इथेच फसतायत. अणुवीज प्रकल्पाला जमीन देण्यासाठी शेतकऱ्याने भरायचा असा कुठलाही फॉर्म नाहीये. तहसीलला नाही, कलेक्टर ऑफिसला नाही, ऑनलाइन पण नाही. माझ्या मेव्हण्याची भिगवणजवळ जमीन आहे, भीमेवरच्या उजनी धरणाच्या बॅकवॉटरच्या कडेला, आणि दिवाळीच्या सुमारास त्याला एका एजंटने सांगितलं की इकडे छोटी अणुभट्टी येणारे, तुमचा गट नंबर यादीत बसवून देतो, सातबारा, आठ अ, आधारची झेरॉक्स आणि फाइलचे पैसे द्या. त्याने दिले आणि मग मला फोन केला. मी पुण्यात असतो, सगळी नोकरी बोअरहोल आणि माती-खडक तपासणीत गेली, त्यामुळे जागा कशी तपासतात ते थोडंफार माहीत आहे. त्या रात्री त्याला जे समजावलं तेच इथे नीट लिहून काढतोय.

अर्ज नक्की कोण करू शकतं

आत्तापर्यंत १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली अणुवीज हे फक्त केंद्र सरकारच्या कंपन्यांचं काम होतं, म्हणजे मुख्यतः एनपीसीआयएल (न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन), जी १९८७ मध्ये स्थापन झाली. पद्धत अशी की राज्य सरकार जागा सुचवतं, अणुऊर्जा विभागाची जागा निवड समिती ती प्रत्यक्ष येऊन बघते, समितीचा रिपोर्ट जातो आणि केंद्र सरकार तत्त्वतः मंजुरी देतं. जैतापूर, गोरखपूर (हरियाणातलं) ही सगळी नावं अशीच आली.

आता दोन गोष्टी बदलल्यात. ३१ डिसेंबर २०२४ ला एनपीसीआयएलने 'भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर'साठी खाजगी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले. ही २२० मेगावॅटची आपलीच जड पाण्याची भट्टी, नरोरा, कैगा, काक्रापारला चालू आहे तीच जात. स्टील, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियमसारख्या कारखान्यांनी स्वतःच्या वापरासाठी ती घ्यायची, जमीन, पाणी आणि भांडवल कारखान्याचं, डिझाइन आणि चालवणं एनपीसीआयएलचं. दुसरं म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा मंजूर केला, त्यात खाजगी भारतीय कंपन्यांना लायसन्सचा रस्ता मोकळा झाला, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला, ज्याला सगळे एईआरबी म्हणतात, कायद्याचं अधिष्ठान मिळालं. लायसन्स सरकारचं आणि सुरक्षेची परवानगी एईआरबीची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा.

मग आपण सामान्य माणूस यात कुठे? अर्जदार म्हणून कुठेच नाही. जमीनमालक म्हणून भूसंपादनात आणि गावकरी म्हणून जनसुनावणीत. त्यावर पुढे येतोच.

आधी बघतात ते जागा बाद कशाने होते

मेव्हण्याला वाटत होतं पाणी आहे, सपाट जमीन आहे, हायवे जवळ आहे, मग झालंच की. नाही होत तसं. अणुवीज प्रकल्पाची जागा निवडताना चांगलं काय आहे हे नंतर बघतात, आधी चाळणी लावतात. आणि ही चाळणी पुणे जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून बघितली की विषय फार पटकन समजतो. (उदाहरण फक्त समजावण्यासाठी आहे, इथे प्रकल्प येतोय असा अर्थ काढू नका.)

एईआरबीच्या जागेच्या जुन्या १९९० च्या कोडमध्ये, म्हणजे नियमावलीत, अंतरं दिलेली होती. मोठा विमानतळ ८ किलोमीटरच्या आत नको, लष्करी विमानतळ १५ किलोमीटरच्या आत नको, दारूगोळ्याचा साठा १० किलोमीटरच्या आत नको. इतक्या जवळ असेल तर एकतर जागा सोडा नाहीतर धोका किती ते खोलात जाऊन सिद्ध करा. आता लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, तिथे कंपासचं टोक ठेवून १५ किलोमीटरचं वर्तुळ काढा, जवळपास सगळं पुणे शहर आत जातं. खडकी आणि देहूरोडच्या दारूगोळ्याची वर्तुळं त्यावर काढली की पिंपरी-चिंचवडकडचं पण गेलं.

मग लोकसंख्या. त्याच कोडप्रमाणे १ लाखाच्या वरचं शहर ३० किलोमीटरच्या आत नसावं आणि १० हजाराच्या वरचं गाव १० किलोमीटरच्या आत नसावं, अशी अपेक्षा. चाकणची एमआयडीसी लोहगावच्या वर्तुळाबाहेर आहे, पण ३० किलोमीटरच्या नियमात पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही येतात, संपला विषय. बारामती, दौंड, इंदापूर ही १० हजाराच्या कितीतरी वर गेलेली गावं, म्हणजे त्यांच्यापासूनही लांब सरकायचं. असं सरकत सरकत नकाशावर पांढरे तुकडे किती उरतात ते एकदा घरी बसून करून बघा, मुलांना पण दाखवा, खरंच डोळे उघडतात.

आणि एक गोष्ट जी बाहेरून येणाऱ्या कन्सल्टंटला सुचणारच नाही. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर करत पंढरीला जाते. जनगणनेत गावाची लोकसंख्या ४ हजार दिसते पण आषाढात त्याच रस्त्यावर लाखो माणसं चालत असतात, मुक्कामाला असतात, आणि त्यांच्यात म्हातारी माणसं पुष्कळ. आपत्कालीन आराखडा (आपल्याकडच्या प्रकल्पांना तो १६ किलोमीटरपर्यंत करतात, आणि प्रकल्पाच्या कुंपणाबाहेरची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते) करताना ही माणसं मोजली पाहिजेत. कुठल्या दिवशी कुठे मुक्काम हे गावातला पोरगा सांगेल, ते लेखी नोंदवायला हवं. मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव इथल्या चतुर्थीच्या गर्दीचं पण तेच.

जमीन खालून कशी आहे

हा माझा विषय, म्हणून जरा जास्त लिहितो. जागेपासून ५ किलोमीटरच्या आत सरकू शकेल असा भ्रंश, म्हणजे खडकातली जिवंत भेग, सापडला तर जागा बाद. इथे दुरुस्ती नाही, जास्त सिमेंट घालून चालत नाही. भूकंपाचा अभ्यास तर ३०० किलोमीटरच्या परिघात करतात. इंदापूरवर टोक ठेवलं तर कोयना आणि किल्लारी दोन्ही सरळ रेषेत साधारण दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरवर, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ आणि ३० सप्टेंबर १९९३ हे दोन्ही भूकंपाचे दिवस त्या फाइलमध्ये येणारच. २०१६ च्या भूकंप नकाशात पुणे झोन ३ मध्ये आहे आणि कोयनेचा पट्टा झोन ४ मध्ये (आकडा जितका मोठा तितका धोका जास्त). झोन ५ असेल तर जागा घेतच नाहीत, नरोरा झोन ४ मध्ये आहे, म्हणजे ४ मध्ये बांधता येतं पण डिझाइन तसं करावं लागतं. किल्लारीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट विसरू नये, तो भाग तोपर्यंत भूकंपाच्या दृष्टीने शांत समजला जायचा. खाली काळा पाषाण आहे, काही होत नाही, असं आम्ही पण तरुणपणी म्हणायचो, किल्लारीनंतर म्हणणं बंद केलं.

दुसरं पाणी, आणि ते दोन बाजूंनी. जास्त झालं तर काय आणि कमी पडलं तर काय. नदीकाठच्या जागेला वरचं धरण फुटलं तर पाणी किती चढेल याचा हिशोब द्यावा लागतो. पुण्याच्या माणसाला हे समजवावं लागत नाही, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि खडकवासला पण गेलं, आमच्या घरात अजून त्या दिवसाच्या पाण्याची उंची भिंतीवर हात ठेवून दाखवतात. भीमेच्या वरच्या अंगाला किती धरणं आहेत ते बघा म्हणजे हा हिशोब केवढा मोठा असेल ते कळेल. आणि कमी पडण्याचं म्हणाल तर २२० मेगावॅट वीज करायला भट्टीत साधारण साडेसातशे मेगावॅट उष्णता तयार होते, उरलेली दोन तृतीयांशहून जास्त उष्णता पाण्यातून नाहीतर कूलिंग टॉवरमधून बाहेर टाकायची असते. भट्टी बंद केली तरी आतली उष्णता लगेच थांबत नाही, म्हणून पाणी बाराही महिने लागतं. आपली उजनी उन्हाळ्यात मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्याच्याही खाली, जाते. मृत साठाच ६३ टीएमसी आहे, पाणी दिसतं भरपूर, पण त्यावर सोलापूरचं पिण्याचं पाणी, ऊस, एमआयडीसी सगळे बसलेत, आणि भीमा कृष्णेच्या खोऱ्यात असल्याने राज्याचा वाटा पाणी तंट्याच्या लवादाने बांधलेला. त्यामुळे पाणी वाटपाचं जलसंपदा विभागाचं पत्र हा या फाइलमधला सगळ्यात अवघड कागद असणार असं माझं स्पष्ट मत आहे.

कागद आणि त्यांचा क्रम

एईआरबीच्या परवानग्या टप्प्याने मिळतात: जागा, बांधकाम, कमिशनिंग (म्हणजे चाचण्या घेत सुरू करणं), चालवणं आणि शेवटी बंद करणं. जागेच्या टप्प्याला मुख्य कागद म्हणजे साइट इव्हॅल्युएशन रिपोर्ट. त्यात बोअरहोलचे लॉग (किती खोलीवर कुठला थर लागला त्याची नोंद), भूकंपाचा अभ्यास, पूर, जागेवर मनोरा उभारून घेतलेली वारा-पावसाची निदान वर्षभराची नोंद, भूजलाची दिशा, आजूबाजूच्या गावांची लोकसंख्या, शेती, दूधदुभतं, लोक काय खातात-पितात इथपर्यंत सगळं येतं, आणि सोबत भट्टीच्या डिझाइनची प्राथमिक माहिती. २०१४ च्या कोडप्रमाणे भट्टीभोवती किमान १ किलोमीटर त्रिज्येत वस्ती चालत नाही. हिशोब करा, तेवढं वर्तुळ म्हणजे साधारण पावणेआठशे एकर. छोट्या भट्ट्यांना हे अंतर कमी करावं अशी चर्चा आहे, पण तरी एजंट सांगतो तसा एखादा ५ एकरचा गट 'बसवता' येत नाही, हे यातूनच कळावं.

गंमत म्हणजे यातली पुष्कळ कामं पुण्यातूनच होऊ शकतात. हवामानाच्या जुन्या नोंदी शिवाजीनगरच्या हवामान खात्यात, भूजलाच्या नोंदी भूजल सर्वेक्षण यंत्रणेत, आणि गरम पाणी सोडलं तर ते नदीत-समुद्रात कसं पसरेल याची मॉडेलं खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात होतात.

पर्यावरण मंजुरी वेगळी. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत अणुवीज प्रकल्प कितीही छोटा असो, 'अ' वर्गात येतो, म्हणजे निर्णय मुंबईला नाही, दिल्लीला. केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर अर्ज, सोबत पूर्वव्यवहार्यता अहवाल, हद्दीची केएमएल फाइल (म्हणजे डिजिटल नकाशा), टोपोशीट, जमिनीची स्थिती. मग अभ्यासाच्या अटी ठरतात, मसुदा अहवाल तयार होतो, जनसुनावणी होते, तज्ज्ञ समिती बघते. वनजमीन असेल तर तिची परवानगी, विमानतळ आणि संरक्षण खात्याची ना हरकत, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, हे सगळं वेगवेगळं. आणि एक परवानगी मिळाली म्हणजे प्रकल्प आला असं समजू नका, जैतापूरला पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये मिळाली, पुढे पंधरा वर्षं गेली तरी भट्टीचं बांधकाम सुरू झालेलं नव्हतं.

आपला सातबारा आणि आपली सुनावणी

जमीन खरंच जाणार असेल तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघते. ती राजपत्रात येते, दोन वर्तमानपत्रांत येते, त्यातलं एक मराठी, आणि ग्रामपंचायत, तहसील, कलेक्टर ऑफिसला लागते. तिच्यात गट नंबर असतात. खाजगी कंपनीसाठी सरकार जमीन घेत असेल तर त्या कायद्यात ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, आणि संमती द्यायची का नाही हे तुम्ही ठरवायचं, एजंटने नाही. तोपर्यंत आपलं काम एवढंच, सातबारा स्वच्छ ठेवा. वारसाची नोंद राहिलीये, आणेवारी चुकलीये, विहीर आणि झाडं नोंदलेली नाहीत, जुना बोजा उतरवलेला नाही, हे आत्ता तलाठ्याकडे जाऊन नीट करा, नंतर मोबदल्याच्या वेळी त्याचेच वाद होतात.

जनसुनावणीला मात्र जरूर जा. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, निदान ३० दिवस आधी पेपरला जाहिरात द्यावी लागते, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अप्पर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा नाही असा अधिकारी. अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे, तो जिल्हा परिषद, कलेक्टर ऑफिस, ग्रामपंचायतीत ठेवलेला असतो, मागून घ्या आणि वाचूनच जा. बोलायला पदवी लागत नाही, जमीन असायलाच पाहिजे असंही नाही, मजूर, मासेमारी करणारे, मेंढरं घेऊन येणारे सगळे बोलू शकतात. बाजूने बोला की विरोधात, पण आकडे आणि जागा सांगून बोला. अमुक साली पाणी या बांधापर्यंत आलं होतं, मार्चनंतर विहीर इतकी खाली जाते, पालखीचा मुक्काम या शाळेत असतो, अशा गोष्टी रिपोर्ट लिहिणाऱ्याकडे नसतात. जे बोलाल ते इतिवृत्तात आलंय का ते तिथेच वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. बोलायला जमत नसेल तर लेखी द्या, दोन प्रतीत, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या.

मेव्हण्याला पैसे परत मिळालेले नाहीत. आधारच्या झेरॉक्सवर यापुढे तो कशासाठी दिली ते आडवं लिहून सही करतो, आणि एजंटविरुद्ध पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिलीये, तिची पोच घेतली आहे.