लट्रेल घराण्याच्या जमिनी

लट्रेल हे मध्ययुगीन इंग्लंडमधील नाइट घराणे. त्याची मालमत्ता एका जागी सलग नव्हती. लिंकनशरमधील अर्नम, यॉर्कशरमधील हूटन पॅग्नेल, नॉटिंगहॅमशरमधील गॅम्स्टन आणि पार नैर्ऋत्येला सॉमरसेटमधील ईस्ट क्वांटॉक्सहेड अशी ती विखुरलेली होती. घराणे लढवय्ये खरे. पण यांतली मोलाची गावे तलवारीने नव्हे, तर घरातल्या बायकांमुळे मिळाली.

सर जेफ्री लट्रेल 1194 मध्ये राजपुत्र जॉनच्या बाजूने बंडात उतरला आणि जमिनी गमावून बसला. 1199 मध्ये जॉन गादीवर येताच त्या परत मिळाल्या. त्याची पत्नी फ्रेथेसंट ही पेनेल घराण्यातली वारसदार मुलगी. 1086 च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदीत, अर्नम व ईस्ट क्वांटॉक्सहेड ही दोन्ही गावे रॅल्फ पेनेलच्या नावे आहेत. 1230 मध्ये पेनेलांचा एक वंशज निपुत्रिक वारला, तेव्हा फ्रेथेसंटचा मुलगा अँड्रू याने आईकडच्या हक्काने ती मिळवली. पुढे अर्नम थोरल्या शाखेकडे राहिले, क्वांटॉक्सहेड धाकट्या मुलाला गेले.

कायद्याने सारी जमीन अखेर राजाची. वारसाला ताबा घेताना ‘रिलीफ’ नावाचा नजराणा भरावा लागे. मॅग्ना कार्टा या राजाच्या सनदेने (1215) तो एका नाइट-फीला, म्हणजे एका नाइटच्या चाकरीसाठी लावून दिलेल्या जमिनीला, कमाल 100 शिलिंग ठरवला. वारस अल्पवयीन असेल तर जमीन आणि त्याचे लग्न दोन्ही वरिष्ठ धन्याच्या हाती जाई, आणि हा हक्क राजरोस विकलाही जाई. गावात धन्याची खासगी शेती व्हिलेन, म्हणजे जमिनीला जखडलेली कुळे, वेठीने कसत. कुळ मेले की त्याचे उत्तम जनावर धन्याचे.

अर्नमचा सर जेफ्री (1276–1345) याने करवून घेतलेल्या ‘लट्रेल साल्टर’ या स्तोत्रग्रंथाच्या समासांत हे शेतीचे जग दिसते: चार बैलांचा नांगर, कुळवाच्या मागे गोफणीने कावळे हाकणारा माणूस, विळ्याने कापणी करणाऱ्या बायका, वाड्यात कोंबलेल्या मेंढ्यांचे दूध काढणे, पाणचक्कीच्या ओहोळात लावलेले माशांचे सापळे. मात्र चित्रे धन्याच्या पैशाने काढलेली आहेत. राबणाऱ्यांचे कपडे इतके नेटके क्वचितच असतील.

घराण्याचा सर्वांत धाडसी व्यवहार एलिझाबेथ कोर्टनी हिचा. सॉमरसेटच्या धाकट्या शाखेत दिलेल्या या अर्लच्या (वरच्या दर्जाच्या उमरावाच्या) कन्येने 1376 मध्ये तिथली मालकीण जोन द मोहन हिच्याकडून डन्स्टर किल्ला व त्याखालची गावे 5,000 मार्कांना (सुमारे 3,333 पौंड) घेतली. अट अशी, की जोन जिवंत असेतो ताबा तिचाच. जोन 1404 पर्यंत जगली. एलिझाबेथ त्याआधीच, 1395 मध्ये, वारली होती. जोनच्या मुलींनी व्यवहारालाच हरकत घेतली. तरी एलिझाबेथच्या मुलाने, सर ह्यूने, 1405 मध्ये किल्ला ताब्यात घेतला.

थोरल्या शाखेचा पुरुषवंश 1419 मध्ये खुंटला आणि अर्नम शेवटच्या धन्याची बहीण हॉइस हिच्यामार्फत हिल्टन घराण्यात गेले. डन्स्टरवरही 1737 मध्ये मागे एकटी मुलगी, मार्गारेट, उरली. मात्र तिच्याशी 1747 मध्ये लग्न करणाऱ्या हेन्री फाउन्सने लट्रेल हे आडनाव घेतले. किल्ला 1976 मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा-वास्तू जपणाऱ्या संस्थेला देण्यात आला.