कॉलम जाड केला, पण भार कोण उचलतंय?

जळगाव-धुळ्याकडे गच्च्यांवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या गंजक्या सळया जागोजाग दिसतात. मुलाचं लग्न ठरलं की वरच्या मजल्याचा विषय निघतो आणि मिस्त्री म्हणतो, "काळजी करू नका भाऊ, खालच्या कॉलमला चार सळया वाढवून जाड करून देतो." सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे.

भाराखाली कॉलम आखूड होतो. एम-25 (ताकदीनुसार ठरलेली एक प्रत) काँक्रीटच्या 3 मीटर उंच कॉलमवर दर चौरस मिलिमीटरला 5 न्यूटन दाब असेल, तर तो लगेच साधारण 0.6 मिलिमीटर दबतो. पुढे वर्षानुवर्षं हळूहळू दबत राहून (याला क्रीप म्हणतात) हा आकडा दीड मिलिमीटरच्या घरात जातो. हे सगळं होऊन गेल्यावर आपण नवी सळई उभी करतो. पोलाद जितकं दबेल तितकाच भार घेतं, आणि जुनं दबणं तर नव्या सळईच्या वाट्याला आलेलंच नसतं. वरच्या मजल्यामुळे कॉलम आणखी 0.3 मिलिमीटर दबला, तर तिच्यात दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन दाब येतो. तिची कुवत 500 ची! डोक्यावर पोतं घेतलेल्या माणसाशेजारी दुसरा नुसताच उभा करावा, तसं हे. त्यात नवं काँक्रीट वाळताना आकसतं आणि हाती आलेला थोडा भारही जुन्याकडे ढकलतं. मे महिन्यातल्या 45 अंशांत पाणी मारायला कंटाळा केला, तर विचारायलाच नको.

म्हणून आधी टेकू आणि जॅक लावून बीमचा भार उचलायचा. गिलावा काढून जुनं काँक्रीट छिन्नीने खडबडीत करायचं, म्हणजे नवं त्याला धरून राहील. सळया स्लॅबला भोकं पाडून वर न्यायच्या. त्या स्लॅबखालीच संपल्या तर भार त्यांच्यात शिरणार कुठून? जुन्या इमारती मजबूत करण्याबाबतचं भारतीय मानक आयएस 15988 (2013) नुसार काँक्रीटचं हे नवं आवरण किमान 100 मिलिमीटर जाड हवं. जाळी मारून प्लास्टर करणं म्हणजे कॉलम मजबूत करणं नव्हे.

उभ्या सळयांभोवती बांधतात त्या रिंगांची टोकं 135 अंशांत आत वळवा. चिरडू लागलेलं काँक्रीट बाजूला फुगतं, तेव्हा त्याला आवळून धरतात त्या रिंगाच. भूकंपात याची खरी गरज पडते, आणि सातपुड्यात 1938 साली मोठा भूकंप झाला होता, हे इकडे फारसं कुणाला आठवत नाही.

जिना कुठल्या दिशेला हे विचारायला वास्तुवाल्याला हजारो रुपये देणारी माणसं पाया उघडून बघायच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतात. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जाड झालेल्या कॉलमचा वाढीव भार शेवटी तिच्यावरच जाणार. पाया तेवढाच ठेवला तर वरचं सगळं पोलाद काय करणार?